चाळीसात उरलेली जागा

पायरीवर काय उभे राहता? वर या, जवळ बसा. आठ महिने रोज दुकानासमोरून जाता-येता, आणि आज कुठे तुम्हाला विचारावंसं वाटलं की ते फेऱ्या मारणारे गृहस्थ हल्ली दिसत नाहीत. समोरच्या हॉटेलातलं मांजर दोन दिवस दिसलं नाही तर तुम्ही चौकशी करता. माणसाची चौकशी करायला आठ महिने लागले. मी रागावत नाही. म्हणजे थोडी रागावलेच आहे, पण बसा.

तुम्ही सगळ्यांनीच त्यांना पाहिलंय. उंच, वाळका माणूस, पांढरा बुशशर्ट, खिशाला दोन पेनं, आणि उजव्या हातात पितळेचा एक गोल बिल्ला. तो बिल्ला बोटांमधून सारखा फिरायचा आणि त्याच्यासोबत माणूसही फिरायचा. दारापासून आरशापर्यंत सात पावलं, आरशापासून दारापर्यंत सात. मी म्हणायचे, "बसा ना, भाऊ." ते म्हणायचे, "बसतो ना." आणि पुढच्या फेरीला निघायचे. तीन वर्षं आमचं हे चाललं. दुकानात आलेली बाई साडी बघायची सोडून त्यांच्याकडे मान वळवत बसायची, इकडून तिकडे, तिकडून इकडे. मला त्या माणसाच्या पायांचा राग यायचा आणि ते गेले की दुकान एकदम उभं राहिल्यासारखं वाटायचं, तेही बरं वाटायचं नाही.

ते आले कसे, ते सांगते. आधी माझं थोडं ऐकावं लागेल.

मी सातवी शिकलेली. कॉम्प्युटर शिकले तो साठी ओलांडल्यावर, मोबाईलवर व्हिडिओ बघून. आमचे हे गेल्यावर मी दुकानात बसायला लागले तेव्हा लक्षात आलं की मोहाडीकडचे आपले विणकर एकेक करून कमी होताहेत, आणि माणूस गेला की त्याच्या हातची किनारही जाते. करवती किनार तुम्ही पाहिली असेल, करवतीच्या दातांसारखी. पण दात काय एकाच तऱ्हेचे असतात? कुणाचे बारीक, कुणाचे दुहेरी, कुणी दातांमध्ये एक रिकामा धागा सोडायचा. कागदावर कुणीच काही उतरवून ठेवलेलं नाही. म्हणून मी घरोघरच्या जुन्या साड्या मागून आणायचे, स्कॅनरवर किनार पसरायचे, फोटो काढून साडी परत करायचे. फोटो असा की एकेक धागा मोजता यावा. एकेक फाईल साडेचारशे एमबीची. अशा शेकडो.

आता तो स्कॅनर जुना, आणि त्याचं फक्त एकाच जुन्या कॉम्प्युटरशी जमतं. त्या कॉम्प्युटरची रॅम चार जीबी, आणि त्याला त्याहून जास्त चालत नाही. मी सगळीकडे विचारून पाहिलं. फायली होत्या एका मोठ्या जुन्या हार्ड डिस्कवर. एक किनार उघडायची तर पाऊण मिनिट. तेवढ्यात माझं मन तीनदा घरी जाऊन यायचं, गॅस बंद केला का ते बघून.

मग व्हिडिओत कळलं की एसएसडी म्हणून वेगवान डिस्क मिळते, आणि एक प्रोग्राम टाकला की ती डिस्क कॅशे म्हणून काम करते. म्हणजे मूळ माल मागच्या गोदामातच राहतो, पण जो माल सारखा लागतो त्याची एक प्रत गादीजवळच्या खणात येऊन बसते. हे मला लगेच पटलं. आम्ही दुकानदार माणसं. मी मिळेल तेवढी मोठी एसएसडी मागवली, चारशे ऐंशी जीबीची, आणि सगळीच्या सगळी कॅशेला देऊन टाकली. खण जितका मोठा तितकं चांगलं, यात विचारायचं काय?

तर कॉम्प्युटर पहिल्यापेक्षा हळू झाला. माऊसचा बाण गोंदात पडलेल्या माशीसारखा चालायला लागला. मी तो बंद करायचे, चालू करायचे, पुसायचे, उदबत्ती लावायची तेवढी बाकी होती.

त्याच दिवसांत निरोप आला होता. दिल्लीकडची एक संस्था हातमागाच्या साड्या घेते, तिचे लोक डिसेंबरात येणार होते. त्यांना जुन्या किनारी पडद्यावर शेजारी शेजारी पाहायच्या होत्या, निवडायच्या होत्या, आणि निवडल्या तर आमच्या अकरा मागांना पुढची दोन वर्षं काम. नाही निवडल्या तर काय, ते विणकर मला सांगतच होते. एकाचा भाऊ राईस मिलमध्ये लागला होता, दुसऱ्याने नागपूरला वॉचमनची जागा बघून ठेवली होती. आमचे माग जमिनीतल्या खड्ड्यात बसवलेले असतात, एकदा माग खड्ड्यातून काढला की परत कोण बसवतो? त्यामुळे मला झोप नव्हती. दुकानात बसले की घर आठवायचं, घरी गेले की कॉम्प्युटर.

आमच्याकडे सिहोऱ्याहून धानाच्या गोण्या शिवायला सुतळी नेणारा एक जण यायचा. त्याने सांगितलं, आमच्या गावात एक आहेत, चिखल्याच्या खाणीतून रिटायर झालेले, त्यांना कॉम्प्युटरचं कळतं, पण माणूस जरा भिंगरी आहे.

भिंगरी आली. जय भीम म्हणाले, मी नमस्कार म्हटलं. कॉम्प्युटर आमच्या गादीवर, बैठ्या मेजावर. मी म्हटलं, बसा. "बसतो ना," म्हणाले आणि कीबोर्डची वायर ओढून तो काउंटरवर घेतला, वाकून, उभ्यानेच कामाला लागले. मॉनिटर खाली, माणूस वर. बगळा तळ्यात बघतो तसं. दोन मिनिटं पाहिलं आणि मला विचारलं, "मोजलं काय?"

मी विचारलं, काय मोजायचं?

"रोज तुमाले काय लागते, ते."

मी म्हटलं, सगळंच लागतं. ते हसले नाहीत. आरशापर्यंत जाऊन आले. मग त्यांनी चालता चालता मला जे समजावलं ते मी माझ्या भाषेत सांगते, कारण मला ते माझ्या सासूबाईंमुळे समजलं.

सासूबाईंची एक रीत होती. मागावरून साडी आली की तिच्या टोकाला सुटे धागे राहतात, दश्या. त्यातली एक दशी त्या काढून घ्यायच्या आणि गादीच्या वर लटकवलेल्या दोरीला गाठ मारायच्या. खणात साड्या ज्या क्रमाने, दोरीवर दश्या त्याच क्रमाने. प्रत्येक खणाची एक दोरी. गिऱ्हाईक म्हणालं, मोरपंखी अंग, लाल करवत, तर सासूबाई कपाट उघडायच्या नाहीत. डोळे वर करून दोरीकडे पाहायच्या आणि बसल्या जागी सांगायच्या, चौथा खण, खालून सहावी. लिहिता येत नव्हतं त्यांना, पण चूक कधी नाही. एका दिवाळीला मात्र त्यांनी तीन कपाटं नवीन भरली. झालं काय, की दोऱ्या इतक्या झाल्या की गादीवर माणसाला बसायला जागा राहिली नाही. गिऱ्हाइकाच्या नाकाला दश्या लागायच्या. सासूबाई दोऱ्या बाजूला सारून त्यातून तोंड बाहेर काढायच्या, कोण आलंय ते बघायला.

भाऊंचं म्हणणं हेच होतं. एसएसडीवर माल कितीही ठेवा, पण कुठे काय ठेवलंय त्याची यादी रॅममध्ये लटकते. डिस्क मोठी, तर यादी मोठी. माझी गादी चार जीबीची, त्यातली निम्मी विंडोजनेच अडवलेली. उरलेल्या जागेत चारशे ऐंशी जीबीच्या दश्या लटकवल्यावर काम करायला जागा कुठे राहणार? त्यांनी मला पडद्यावर दाखवलं, यादी किती जागा खाते ते. जवळजवळ सगळीच.

त्यांनी बिल्ला दाखवून त्यांचंही सांगितलं. खाणीत कॉम्प्युटरवर जायच्या आधी ते बिल्ल्यांच्या फळ्यावर होते. माणूस खाली उतरताना आपला बिल्ला फळ्यावर टांगतो, वर आला की काढून नेतो. बिल्ला टांगलेला आहे म्हणजे माणूस खाली आहे. एकदा पाळी संपली आणि एक बिल्ला राहिला. सगळे खाली शोधायला धावले, आणि हे फळ्यासमोर उभे. तो माणूस बिल्ला काढायचा विसरून वरच्या वर जीपमध्ये बसून बपेऱ्याला लग्नाला गेला होता. सापडला तेव्हा वरातीत नाचत होता. हे मात्र तोवर उभेच होते, आणि मला वाटतं तेव्हापासून बसलेच नाहीत.

"फळा जेवढा डोळ्यात मावते तेवढाच ठेवा लागते, शेठानीबाई," म्हणाले. शेठानीबाई म्हणायचे मला, आणि त्यात किती मान आणि किती टोमणा ते काही मला शेवटपर्यंत मोजता आलं नाही.

त्यांनी मला एक वही करायला लावली. आठवडाभर मी कुठली किनार उघडते ते लिहायचं. रोज, प्रत्येक. मला वाटलं होतं मी शेकडो उघडते. आठवड्याने ते आले, उभ्यानेच वही वाचली, पेनाने टिंबं करत गेले. फिरून फिरून त्याच सत्तर. विणकर ज्या मागतात त्या, मला ज्या आवडतात त्या. बाकीच्यांना मी महिनामहिना हात लावत नव्हते.

"सत्तर किनारी, साडेचारशे एमबीच्या," ते म्हणाले. "बत्तीस जीबी होते. चाळीस ठेवू. चाळीस पुरेत."

मी म्हटलं, आणि बाकीचे चारशे चाळीस?

"राहू द्या ना रिकामे."

तुम्हाला कळत असेल मला काय झालं ते. आमच्या घरात खण रिकामा ठेवत नाहीत. साडी विकली गेली की त्या जागी लगेच मागची साडी सरकवायची, नसेल तर जुनं धोतर घडी करून ठेवायचं, पण लाकूड दिसू द्यायचं नाही. सासूबाई गेल्या त्या दिवशीसुद्धा कुणीतरी खण भरून ठेवला होता. पण चाळीसला मी हो म्हटलं.

पुढे ते म्हणाले, यादी आणखी लहान करता येते, कारण प्रोग्राम मालाचे बारीक बारीक तुकडे करतो आणि तुकड्यागणिक एक नोंद ठेवतो. तुमच्या फायली तर दांडग्या आहेत. इथे मात्र मला सुचलं. त्या दिवाळीनंतर सासूबाईंनी काय केलं होतं? मी म्हटलं, "भाऊ, गठ्ठ्याले एक दशी बांधा."

ते फेरीतच थांबले. बिल्लाही थांबला. मग हसले. त्यांचा वरचा एक दात नाही हे मला त्या दिवशी कळलं. त्यांनी तुकडा मोठा केला, चाळीस जीबी दिले, आणि किनारी चार-पाच सेकंदांत उघडायला लागल्या. मी सगळ्या सत्तर उघडून पाहिल्या, पोरीने नव्या बांगड्या वाजवून पाहाव्यात तशा.

त्यानंतर ते येतच राहिले. काम नसलं तरी. बाजाराच्या दिवशी नक्की. एकदा हातात पिशवी होती. तिच्यातून एक साडी काढली, जाड्या सुताची, धुऊन धुऊन तिचा रंग कुठला तेही कळत नव्हतं. किनार होती, बारीक दातांची, करवतच, पण गरिबाघरची.

"जागा असेल तं हिचाही फोटो काढून ठेवजा," म्हणाले. "आईची आहे. तुमच्याच दुकानातली."

मी किनार स्कॅनरवर पसरली. ते चालत होते आणि चालता चालता सांगत होते, जसं काही दुसऱ्याच कुणाचं. आईने धानाच्या रोवणीच्या मजुरीतून ही साडी घेतली. त्यांच्या बहिणीच्या लग्नात नेसायला. आई खाली पायरीवर उभी होती. वर बोलावलं नाही, साडी वरूनच दाखवली. आई दोन्ही हात वर करून किनार बघत होती आणि हे तिचा पदर धरून उभे होते.

मी लगेच म्हटलं की मी तेव्हा या घरात आले नव्हते. कुणी विचारलं नव्हतं.

"तुमाले कोण म्हणते जी," ते म्हणाले आणि दारापर्यंत जाऊन आले.

मी त्या दिवशी बसा म्हटलं नाही. एवढे दिवस मी त्या पायांवर रागवत होते.

आता डिसेंबर आला. सोमवारी बारा वाजता ते लोक येणार होते. मी रविवारी दुकान झाडलं, पडदे धुतले, अकराही विणकरांना धुवट कपड्यात यायला सांगितलं. सगळं झालं आणि हाताला काही काम उरलं नाही. हाताला काम नसलं की मी काय करते ते माझ्या सुनेला विचारा. दुपारी जेवून कॉम्प्युटरपुढे बसले आणि तो प्रोग्राम उघडला. तिथे ते रिकामे चारशे चाळीस दिसत होते. पाहुणे येणार आणि घरात एवढा मोठा खण उघडा. मी स्वतःला म्हटलं, आता तर गठ्ठ्याला एक दशी आहे, आता काय बिघडतंय, सगळ्या किनारी जवळ येऊन बसतील. आणि चाळीसचे चारशे करून टाकले.

मला हे माहीत नव्हतं की माप बदललं की तो प्रोग्राम सगळा खण आधी रिकामा करतो. आणि तुकड्याचं मापही आपल्या मनाने परत सगळ्यात बारीक करून ठेवतो.

सोमवारी सकाळी नऊला कॉम्प्युटर लावला तर माशी पुन्हा गोंदात. दहा मिनिटं झाली, एक किनार अर्धी उघडली, दात वरून खाली उतरत होते, चारच दात, आणि तिथेच थांबली. बाहेर दोन विणकर येऊन उभे होते, इस्त्रीच्या सदऱ्यात. एकाने नातीचा हात धरला होता, तिलाही दाखवायला आणलं होतं. मी त्यांच्याकडे बघितलंच नाही.

भाऊंना फोन केला. मागे मशीनचा आवाज. त्यांच्या दारात धान चुरायची, मळणीची मशीन आली होती त्या दिवशी. तुम्हाला माहीत आहे, एकदा नंबर लागला की ती सोडता येत नाही, गेली की आठ दिवस येत नाही. मी म्हटलं काहीतरी झालंय. काय केलं ते सांगितलं नाही.

"येतो ना," म्हणाले.

मला वाटलं, बसतो ना तसंच हे. पण साडेदहाला मोटरसायकल थांबली. केसांत धानाचा भुसा, बुशशर्ट नाही, नुसती बनियन आणि खांद्यावर दुपट्टा. मशीनपाशी बायकोला उभी करून आले होते. आत येऊन त्यांनी उभ्यानेच वाकून पडदा पाहिला. मग माझ्याकडे पाहिलं.

"मोजलं काय?"

मी नाही म्हटलं. तेवढंच.

त्यांनी माप परत चाळीसवर आणलं, तुकडा मोठा केला. कॉम्प्युटर सुटला. पण खण रिकामा. किनारी परत गोदामातून यायच्या, पाऊण-पाऊण मिनिटाने. पाहुण्यांसमोर पाऊण मिनिट म्हणजे किती, ते ज्याच्या घरी मुलगी बघायला आलेत त्याला विचारा. एकच उपाय होता. ते यायच्या आत सत्तर किनारी एकेकदा उघडायच्या, म्हणजे त्यांच्या प्रती खणात येऊन बसतील. सत्तरदा पाऊण मिनिट. मधे काही अडलं तर सोडवायला हात त्यांचाच हवा होता, आणि वाकून, उभ्याने, तासभर हे होणार नव्हतं.

मी म्हटलं, "भाऊ, बसा."

त्यांनी गादीकडे पाहिलं. मग चपला पायरीपाशी काढल्या, दुपट्ट्याने पाय पुसले, एकदा नाही, दोनदा पुसले, आणि बसले. पाठ ताठ, मांडी घालून. बिल्ला मेजावर ठेवला.

मी वही घेऊन बाजूला बसले. मी वाचायचे, ते उघडायचे. दुहेरी करवत. उघडा. बारीक करवत, मोहाडीची. उघडा. रिकाम्या धाग्याची. वीस झाल्या, तीस झाल्या. त्यांचा गुडघा सारखा हलत होता, तेवढ्याच त्यांच्या फेऱ्या. माझं लक्ष घड्याळाकडे, त्यांचं मधूनच दाराकडे, तिकडे सिहोऱ्याला काय चाललं असेल म्हणून. बायकोचा फोन आला, त्यांनी ऐकलं आणि म्हटलं, तू गोण्या बांधत राहा, मी इथे बसलो आहे. बसलो आहे, असं म्हणाले. बाहेरच्या पोरीने आत डोकावून विचारलं, झालं का. पन्नास झाल्या. मधेच लाईट गेली असती तर काय झालं असतं हा विचार मी साठाव्या किनारीला केला आणि पुन्हा केला नाही.

सत्तर झाल्या तेव्हा पावणेबारा. त्यांनी उठायला हात टेकला.

मी म्हटलं, "अजून एक राहिली. तुमच्या आईची."

"ते कोणी पाहत नाही जी," ते म्हणाले. "वहीत नाही ते. उगीच जागा खाईल."

मी विचारलं, "मोजलं काय?"

त्यांनी उठायला टेकलेला हात परत मांडीवर घेतला. मी म्हटलं, चाळीसात बत्तीस गेले, आठ उरले. एवढी मीही मोजायला शिकले आहे. उघडा.

त्यांनी उघडली. पाऊण मिनिट आम्ही दोघं ती किनार वरून खाली उतरताना बघत बसलो. आधी एक दात, मग दुसरा. जाडं सूत, पण दात सरळ. कुण्या विणकराने गरिबाची साडी म्हणून हात ढिला सोडला नव्हता. त्यांचा गुडघा थांबला होता.

"ताई," ते म्हणाले, "विणली बरोबर आहे."

ते लोक बारा पाचला आले. दोन बायका, एक पुरुष. गादीवर बनियनमधला माणूस बघून त्या पुरुषाने हात जोडले आणि म्हणाला, "नमस्ते, सेठजी." भाऊ उठायला लागले. मी म्हटलं, बसा, अन् दाखवा. पाहुण्यांना मी दुसरं काहीच सांगितलं नाही. मग भाऊंनी दाखवल्या. पाहुणे म्हणायचे, ही ठेवा, ती शेजारी लावा, पहिली परत आणा, आणि प्रत्येक वेळी किनार चार-पाच सेकंदांत हजर. वहीतल्या सत्तरही त्यांना नावाने पाठ झाल्या होत्या, मला मधे बोलायची गरज पडली नाही. शेवटी भाऊंनी आईची उघडली. पाहुण्यांतल्या एका बाईने जवळून पाहिली, म्हणाली छान आहे, पण आमच्या गिऱ्हाइकाला सूत जाड वाटेल. भाऊंनी मान हलवली आणि ती मिटली. मागणी दुसऱ्या किनारींना आली, अकराही मागांना आली. ते माग अजून खड्ड्यातच आहेत, जाऊन बघा.

पाहुणे जेवायला वळले तोवर मोटरसायकल सिहोऱ्याच्या वाटेला लागलेली. चहासुद्धा घेतला नाही. बिल्ला मेजावर राहिला. सगळा जन्म बिल्ला विसरणाऱ्यांना बोल लावलेला माणूस. मी फोन केला तर म्हणाले, "राहू द्या. टांगून ठेवजा कुठे तरी."

मी तो सासूबाईंच्या दोरीच्या खिळ्याला टांगला. तो बघा, तुमच्या डोक्यावर. म्हणूनच म्हटलं वर या.

त्यानंतर दोन वर्षं येत राहिले. आले की आधीसारख्याच फेऱ्या, पण निघायच्या आधी पाच मिनिटं गादीवर टेकायचे. मग त्यांच्या डोळ्यांचं सुरू झालं. एकदा मोटरसायकल बांधावरून उतरली. मुलीने नागपूरला नेलं, आता आठ महिने झाले. चौथ्या मजल्यावर घर आहे. मुलगी सांगते, गॅलरीत इकडून तिकडे चालतात, खालच्या मजल्यावरचे तक्रार करतात. सिहोऱ्याचं घर बंद आहे. मी फोन करते. या म्हटलं की म्हणतात, "येतो ना." तुम्हाला आता कळतंय त्याचा अर्थ किती लांबचा असतो.

एक सांगायचं राहिलं. या कॅशेची रीत अशी आहे की जे रोज उघडत नाही ते ती हळूहळू मागे ढकलते आणि त्या जागी दुसरं आणून ठेवते. तिला माया नाही, तिला सवय तेवढी कळते. म्हणून मी रोज दुकान उघडलं की पहिली ती किनार उघडते, मग दिवा लावते. चार-पाच सेकंदांत येते. मागच्या महिन्यात मी भंडाऱ्याला बहिणीकडे बारा दिवस राहिले, आणि दुकानात दुसरं बरंच काही उघडलं गेलं असेल. परत येऊन पाहिलं तर तिला पाऊण मिनिट लागलं. वरून खाली, एकेक दात. त्या पाऊण मिनिटात मला बसवेना. मी उठले आणि दारापासून आरशापर्यंत चालत गेले. सातच पावलं आहेत, मी मोजली.

तुमच्यातलं कुणी नागपूरला जात असेल तर त्यांच्या मुलीचा पत्ता मी देते. माझा निरोप तेवढा नीट सांगा. चाळीस अजून चाळीसच ठेवलेत म्हणावं, बाकीचा खण रिकामा आहे, मी हात लावलेला नाही. बिल्ला खिळ्यावर आहे, तो उतरवायला कुणीतरी यायला पाहिजे. डोळे बरे असोत नसोत, किनार मी मोठी करून दाखवीन. आणि म्हणावं, ताई म्हणतात, येतो ना म्हणू नका. या, भाऊ. लवकर या.